भांगाला चढलेली मात्रा

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना दोन वर्षांपूर्वी चांगल्या पुस्तकांचा कंटाळा आला. दरवर्षी वाचकांचा मेळावा भरायचा आणि दरवर्षी तीच माणसं उभी राहून तेच सांगायची, की अमुक पुस्तकानं माझं आयुष्य बदललं. ग्रंथपाल बाई म्हणायच्या, "एवढी आयुष्यं बदलली, पण एकानंही पुस्तक वेळेवर परत करायला सुरुवात केली नाही." म्हणून त्या वर्षी त्यांनी वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता प्रत्येकानं आयुष्यात वाचलेलं सर्वांत वाईट पुस्तक घेऊन यावं आणि ते वाईट का, ते पाच मिनिटांत सांगावं. अट एकच, पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला नावं ठेवायची परवानगी नाही.

ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. मी मात्र तो निरोप दोनदा वाचला, कारण मी आयुष्यात एक कादंबरी लिहिली आहे.

ती कशी झाली हे सांगायला हवं. मी शाळेत मराठी शिकवायची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अर्धा गुण कापायचा, काना-मात्रा चुकली की अर्धा गुण कापायचा, अशी माझी ख्याती. मुलं मला पाठीमागे 'अर्धी बाई' म्हणत हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. चाळिशी उलटल्यावर मला कादंबरी लिहावीशी वाटली. ती समुद्रावरची असावी असंही वाटलं, कारण रत्नागिरीत जन्म काढला तरी मी कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नव्हते. माणसाला आपल्याला न येणाऱ्या गोष्टीवरच लिहायची खुमखुमी का येते कोण जाणे.

माझ्या वर्गात तेव्हा नववीत एक खारव्यांची मुलगी होती. तिचे वडील मच्छीमार होडीचे तांडेल, म्हणजे होडी आणि होडीवरची माणसं ज्याच्या शब्दावर चालतात तो माणूस. बंदराजवळची सगळी मांडवी त्यांना तांडेल अशीच हाक मारायची. मी मुलीबरोबर निरोप पाठवला आणि एका संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसले. पुढचे चार महिने रोज गेले. ते जाळं सांधत बोलायचे आणि मी वहीत लिहायची. वारे किती प्रकारचे, कुठल्या दिवसात कुठली मासळी, खडक पाण्याखाली असताना कसा ओळखायचा, सगळं. त्यांची बायको मला बांगड्याचं तिखलं आणि भात वाढायची आणि मी घासाघासाला कौतुक करायची. त्या चार महिन्यांइतकं ऐकून घेणं मला पुढे कधी जमलं नाही.

तिथेच मला भांग हा शब्द मिळाला. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण अष्टमीच्या मागेपुढे भरती-ओहोटीचा जोर ओसरतो, पाणी मेल्यासारखं पडून राहतं, त्याला भांग म्हणतात. तो भांग, प्यायची ती भांग नव्हे. भांगाच्या दिवसांत जाळ्यात फारसं काही येत नाही, मग माणसं घरी बसून जाळी सांधतात, पोरींची लग्नं ठरवतात. मला तो शब्द इतका आवडला की कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाची सुरुवातच मी त्यानं केली. "भांगाचे दिवस होते. तांडेल निवांत पडून होता." त्यानंतर माझा तांडेल उगीच होडी बाहेर काढतो, एकाएकी वादळ येतं आणि तो बुडतो. हा शेवट लिहिताना मी स्वतःच रडले होते. शेवट उत्तम झाल्याची मला खात्री होती.

हस्तलिखित पुण्याच्या प्रकाशकाकडे गेलं. काही महिन्यांनी मुद्रितं तपासायला आली ती नेमकी दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या वेळी. टेबलावर उत्तरपत्रिकांचा डोंगर आणि त्यावर हा गठ्ठा. मी मुद्रितं एका बैठकीत उरकली आणि परत पाठवली. पुस्तक आलं. पहिली प्रत पेढ्यांसकट तांडेलांना नेऊन दिली. त्यांनी ती देवापुढे ठेवली, नमस्कार केला आणि लेकीला म्हणाले, "रोज रातीला एक पान वाचायचंस." लेकीनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. दोनशे पानांचा हिशेब तिला लगेच कळला होता.

ती काही रोज एक पान वाचत बसली नाही, तीन रात्रींत तिनं सगळं वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, इतिहासाचे सर मी शाळेला दिलेली प्रत हातात घेऊन हसत होते. "बाई, तुमचा तांडेल भांग पिऊन बुडाला की हो!"

मी पुस्तक ओढून घेतलं. शेवटच्या प्रकरणाची पहिली ओळ होती, "भांगेचे दिवस होते. तांडेल निवांत पडून होता."

गा-चा काना गेला होता आणि ग-वर मात्रा चढली होती. भांगाचे दिवस भांगेचे झाले होते. आणि त्या एका मात्रेनं पुढचं सगळं प्रकरण फिरवलं होतं. तांडेल निवांत का, तर नशेत आहे म्हणून. भलत्या वेळी होडी काढतो का, तर शुद्ध नाही म्हणून. बुडतो का, तर तेच. ज्या माणसानं आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, त्याला मी नशेत बुडवून मारलं होतं. आणि तो माणूस कोण हे साऱ्या मांडवीला ठाऊक होतं.

मी पुण्याला फोन केला, आरडाओरडा केला. पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू." दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही. मी भेटेल त्याला सांगत सुटले, की पुण्याच्या लोकांना समुद्र काय कळणार, त्यांना भांग म्हटलं की होळीच आठवणार. लोकांना ते पटायचं. पुण्याच्या लोकांबद्दलचं काहीही आमच्याकडे चटकन पटतं.

तांडेलांकडे मात्र मी गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणत आठवडा गेला, मग महिना गेला, आणि मग इतके दिवस झाले की आता कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्न पडला. संध्याकाळी फिरायला मी मांडवीऐवजी भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागले. लेक दहावी होऊन शाळेतून गेली. वर्गात असताना ती माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिला प्रश्न विचारायची नाही. अशी नऊ वर्षं गेली. मी पुन्हा काही लिहिलं नाही, आणि कोणी विचारलं तर सांगायची, वेळ कुठे मिळतो.

त्या रविवारी जाऊ नये असंच मनात होतं. पण न जावं तर लोक म्हणणार, लेखिका घाबरली. म्हणून गेले आणि दाराजवळची खुर्ची धरून बसले. तिसऱ्या रांगेत तांडेलांची लेक बसलेली दिसली. आता ती मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नोकरी करते. अंगात कंपनीचा शर्ट, मांडीवर खाकी कव्हर घातलेलं पुस्तक. ते कव्हर मी ओळखलं. पुस्तकाला कव्हर घालायला मीच तिला शिकवलं होतं.

सभा रंगली. गणपतीपुळ्याला लॉज चालवणारे एक गृहस्थ पाहुण्यांनी विसरलेली एक रहस्यकथा घेऊन आले होते. तिची शेवटची आठ पानं फाटलेली होती. "खून कोणी केला ते मला सात वर्षं माहीत नाही," ते म्हणाले, "याहून वाईट पुस्तक कुठलं?" ग्रंथपाल बाईंनी हरकत घेतली, की म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचलेलंच नाही, पुस्तक बाद. ते म्हणाले, जेवढं होतं तेवढं शेवटपर्यंत वाचलं. यावर दहा मिनिटं वाद झाला. सभेत मत घेतलं, तेव्हा लॉजवाले हरले आणि रुसून चहा आणायला गेले.

मग कुवेतहून कायमचे परत आलेले एक चाचा उठले. त्यांच्या हातात तीस दिवसांत अरबी शिकवणारं मराठी पुस्तक होतं, पानन् पान सुटलेलं. "ह्याच्यात पयल्या दिसाचा वाक्य हाय, राजाची बाग कुठं आहे. दुसऱ्या दिसाचा, माझ्या उंटाला ताप आला आहे. चौदा वर्स मी तिकडं होतो. एका मानसानं मला उंट इचारला नाय." सगळे हसले. चाचा थांबले आणि म्हणाले, "पन खोलीत मराठीत लिवलेली ही एकच वस्तू होती. मी ह्ये पुस्तक अकरा वेळा वाचून काढलंय. अरबी नाय आली. मराठी ऱ्हायली." टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत माझ्याही दोन होत्या. क्षणभर मी माझी भीती विसरले होते.

तेवढ्यात तांडेलांची लेक उभी राहिली.

तिनं खाकी कव्हर काढलं आणि पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरलं. सभेत कुजबुज झाली. ग्रंथपाल बाईंचा चेहरा पडला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"हे पुस्तक माझ्या वडलांवर आहे," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एकशे नव्वद पानं ते खूश होते. मधे मधे म्हणायचे, बाईंनी बरोबर लिवलंय. मग शेवटचं प्रकरण आलं." तिनं त्या दोन ओळी वाचल्या. "मी तिथे थांबले. ते म्हणाले, पुढं वाच. मी सगळं वाचलं. त्यांनी पुस्तक पुन्हा देवापुढे नेऊन ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं बंदरावर लोक त्यांना विचारायचे, काय तांडेल, आज भांग कुठली, दर्यातली की पेल्यातली? ते हसायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत. म्हणून माझ्या मते हे सर्वांत वाईट पुस्तक आहे." एवढं बोलून ती बसली. पाच मिनिटंही घेतली नाहीत तिनं.

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. मी उठले. नऊ वर्षं घोटलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, पुण्याच्या लोकांना समुद्र काय कळणार. तोंड उघडलं आणि ते वाक्य येईना. कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. पुस्तक आल्यावर महिनाभरानं पुण्याहून जुनी मुद्रितं परत आली होती. शेवटच्या प्रकरणाच्या पानावर, समासात, तपासणाऱ्यानं लाल पेनानं विचारलं होतं, "भांगेचे? कृपया पाहावे." आणि त्याच्या शेजारी माझी बरोबरची खूण होती. माझ्या हातची, उत्तरपत्रिकेवर करते तशी. त्या बिचाऱ्याला शंका आली होती. त्यानं मला विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं होतं.

ते मी सभेत सांगितलं. अर्धा-अर्धा गुण कापणाऱ्या बाईनं एका मात्रेपायी माणूस बुडवला आणि वर नऊ वर्षं दुसऱ्याचं नाव सांगितलं, असंच म्हटलं. लाज वाटली, फार वाटली, पण सांगून झाल्यावर छातीवरचं काहीतरी हललं हेही खरं. बाहेर लॉजवाले चहाचे कप मोजत होते तेवढाच आवाज.

शेवटी चाचांनी तोंड उघडलं. "बाई, मग हितं कशाला बसल्यात? तांडेलाचं घर काय कुवेतला हाय?"

मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला सांगून काही होणार नाही, बाई. त्यांना सांगा." मग खिशातून किल्ली काढत म्हणाली, "स्कूटीवर बसता येतं ना?"

घर तेच होतं, पडवीत फरशी तेवढी नवी घातलेली. तांडेल थकले होते. होडीवर जाणं बंद झालं होतं, पण मांडीवर जाळं होतं आणि हात चालू होते. मला बघून त्यांनी हात थांबवले नाहीत. त्यांची बायको आतून डोकावली आणि परत आत गेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, लाल पेनाच्या शंकेपासून माझ्या खुणेपर्यंत. मात्रा म्हणजे काय, काना म्हणजे काय, हेही सांगत बसले. मराठीच्या शिक्षिकेला माफी मागतानासुद्धा व्याकरण सुटत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ता मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"की चूक हाय. तुमी माझ्यासमोर वहीत भांग लिवलंत ता मी बघितलं होतं. मला वाचता नाय येत चांगलं, पन तुमी चार येळा इचारलंत, तांडेल, भांग म्हनजे नक्की काय. जी बाई चार येळा इचारते ती मुद्दाम कशाला लिवील?"

"मग तुम्ही रागावला नव्हता?"

त्यांनी आता हात थांबवले. "रागावलो व्हतो. चार म्हयने रोज आलात. हितं बसलात, हितं जेवलात. पुस्तक झालं आनि बंद. हिनं दोन वर्स तुमच्यासाटनं जादा तांदूळ घातला, म्हनायची, बाई येतील. मी म्हटलं, येनार नाय, त्यांचं काम झालं."

मी तिथे, नव्या फरशीवर, खाली बसले आणि रडले. स्वतःचं शेवटचं प्रकरण लिहिताना रडले होते तसं नाही. ते रडणं चांगलं दिसावं म्हणून होतं. नऊ वर्षं मी एका मात्रेला घाबरून होते आणि ह्या माणसांना दुःख भलतंच होतं. दुरुस्तीला छापखाना लागतच नव्हता. मांडवीपर्यंत चालत यायचं होतं.

लेकीनं पाणी आणून दिलं आणि वडलांना म्हणाली, "बाबा, दुसरं पण सांगा ना. ते शेवटचं."

"काय ता?"

"तुम्ही मला त्या दिवशी म्हणालात ते. वाचून झाल्यावर."

तांडेल जरा लाजले. मग एकदम त्यांचा आवाज चढला, होडीवरचा असावा तसा. "मला बुडवलंत कसं, ता सांगा! भांगात? भांगात पानी वढत नाय. वारा सुटला तरी नांगर धरतो. उधानात बुडवलं असतंत तर मी काय बोललो नसतो. भांगात तांडेल बुडला म्हनून कोन आयकेल तर हसंल. ती माझी खरी बदनामी!"

मी डोळे पुसता पुसता हसले. लेकही हसली, आणि आतून भांड्यांचा आवाज थांबला म्हणजे त्यांची बायकोही ऐकत होती. म्हणजे माझी ओळ बिनचूक छापली असती तरी प्रकरण चूकच होतं. भांग हा शब्द मला आवडला होता, पण तो मला कळला नव्हता. चार वेळा विचारून मी तो फक्त वहीत नीट उतरवला होता.

"मग काय करू?" मी विचारलं. "पुस्तक तर छापून झालं."

"हातानं करा," लेक म्हणाली. तिनं सभेत दाखवलेली प्रत माझ्यापुढे ठेवली आणि कंपनीच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून दिलं. "वर्गात आमच्याकडून करून घ्यायचात तसं. चुकीचा शब्द खोडायचा आणि वर बरोबर लिहायचा."

मी मात्रा खोडली, काना दिला. अगदी नीट, शाळेतल्या अक्षरात. तांडेलांनी मान पुढे करून पाहिलं आणि म्हणाले, "आनि पुढचं?"

पुढे चार पानं बुडण्याची होती, वारा, लाटा, आकाश, माझी सगळी सुंदर वाक्यं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातानं आडवी रेघ दाखवली. मी एकेक पान तिरप्या रेघेनं खोडलं. चार वाक्यं मला अजून आवडत होती, तीही खोडली. मग पुस्तकाच्या शेवटी कोरं पान होतं, ते उघडलं.

"सांगा, तांडेल."

त्यांनी जाळं बाजूला सारलं. "लिवा. वारा सुटला. तांडेलानं शीड उतरवलं, नांगर टाकला. भांग व्हता म्हनून नांगरानं धरलं. मानसं घाबरली, तांडेल बोलला, गप बसा, वारा जाईल. वारा गेला." ते थांबले. मी मान वर केली. "झालं?"

"नाय. लिवा. मग होडी बंदराला लागली. सगली मानसं आपापल्या घरी गेली."

आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती, हातात डाव घेऊन. "आनि तांडेल?" तिनं विचारलं.

"तांडेल बी घरी आला," ते तिच्याकडे बघत म्हणाले. "आला आनि जेवला. लिवा बाई. पोटभर जेवला."